कुंडल रोडचा नांगर आणि इंदूरची ड्यूझेनबर्ग

१९३५ च्या सुमारास अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरातून एका मोटारीचा नुसता सांगाडा जहाजाने लंडनला निघाला. चाके, इंजिन, सुकाणू आणि पोलादी चौकट. यापलीकडे त्यात काही नव्हते. लंडनमध्ये त्यावर अंग चढले, केशरी आणि काळा रंग लागला आणि मग ती गाडी समुद्रमार्गे हिंदुस्थानात, इंदुरास पोहोचली. चौकटीच्या लांबीने ती एखाद्या मोठ्या सहलीच्या गाडीला मागे टाकील अशी होती. बसायला मात्र जागा दोघांपुरतीच. मालकाचे नाव महाराज यशवंतराव होळकर, दुसरे.

गाडीचे नाव ड्यूझेनबर्ग एस. जे. सुपरचार्जर बसवलेल्या या मॉडेलच्या जेमतेम ३६ गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंदूरची गाडी त्यांपैकी अखेरच्यांतली.

या गाडीची कथा सांगताना सुरुवात इंदूरपासून करण्याची प्रथा आहे. राजा, राजवाडा, हौस, लंडनचे कारागीर, झाली कथा! पण ती सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळून सुरू केली तर अधिक कळते. कारण त्याच यंत्रयुगापुढे उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका मराठी राजाने काय केले, ते कुंडलच्या शिवारात आजही उभे आहे.

थोडे मागे जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकल ही आज वाटते तशी साधी वस्तू नव्हती. साखळी, दातेरी चक्र, बेअरिंग, हवेचे टायर हे सगळे सर्वसामान्य माणसाच्या हाती प्रथम आले ते सायकलीतून. ज्याला यंत्राची ओढ होती पण भांडवल नव्हते, त्याची शाळा म्हणजे सायकलचे दुकान. अमेरिकेत राइट बंधू याच शाळेतून आकाशात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच शाळेचे आणखी दोन विद्यार्थी आपल्या कथेत आहेत.

पहिला फ्रेड ड्यूझेनबर्ग. जन्म १८७६, जर्मनीतील लिप प्रांतात. कुटुंब अमेरिकेच्या आयोवा राज्यात स्थलांतरित झाले, तेव्हा तो लहान होता. तरुणपणी शेतीची अवजारे आणि पवनचक्क्या दुरुस्त करणे हा त्याचा उद्योग. मग त्याने रॉकफर्ड या छोट्या गावी सायकली बनवायला घेतल्या आणि स्वतः बनवलेल्या सायकलींवर बसून शर्यतीही मारल्या. सोबत धाकटा भाऊ ऑगस्ट, ज्याला सारे ऑगी म्हणत.

दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंगांधळेपणामुळे ते शिक्षण सोडावे लागले. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत, म्हणून ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलचे दुकान निघाले. दुकान सांभाळायला भाऊ रामुअण्णा. पुढे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणरावही बेळगावी आले. सायकलीवरून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले आणि तिथून लोखंडी नांगराकडे.

इथे दोघांच्या वाटा फुटतात. आयोवाच्या शेतकऱ्याला यंत्राची सवय होती. त्याला नवे विकायचे तर ते अधिक वेगवान असावे लागे. बेळगावच्या शेतकऱ्याला मात्र लोखंडी फाळाने जमिनीला विष चढते अशी धास्ती होती. लक्ष्मणरावांचे सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली. फ्रेडपुढे प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याचा प्रश्न होता, लक्ष्मणरावांपुढे गिऱ्हाइकाच्या मनातली भीती काढण्याचा. कोणता प्रश्न अधिक अवघड, हे सांगणे सोपे नाही. पण दुसऱ्या प्रश्नावर जगभरचे छायाचित्रकार गर्दी करत नाहीत, एवढे खरे.

मग बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. नगरपालिकेला त्या भागात नवी वसाहत वसवायची होती, कारखान्याला हलावे लागणार होते. जवळ पैसा नव्हता. मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. १९०९ मध्येच ते गादीवर बसले होते. औंध हे संस्थान म्हणजे नकाशावर सांडलेले ठिपके. एकूण क्षेत्र जेमतेम ५०० चौरस मैल आणि तेही सलग नाही; औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. याच कुंडल तालुक्यात रेल्वेचे एक लहानसे स्थानक होते, कुंडल रोड. त्याला लागून असलेली ३२ एकर जमीन राजांनी लक्ष्मणरावांना दिली आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान. साप मुबलक, पाणी दुर्मीळ. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि गाव एकदमच उभे राहू लागले. त्याचे नाव किर्लोस्करवाडी.

१०,००० रुपये हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आता शर्यतीच्या मैदानाकडे जाऊ, कारण इंदूरच्या गाडीचे रक्त तिथले आहे.

मोटारीचा जमाना सुरू होताच फ्रेडने सायकल सोडून इंजिन हाती घेतले. एडवर्ड मेसन नावाच्या वकिलाने भांडवल पुरवले, म्हणून पहिल्या गाडीचे नाव ‘मेसन’. गाडीवर स्वतःचे नाव लागायला १९१३ साल उजाडले. १९१४ च्या इंडियानापोलिस ५०० मैलांच्या शर्यतीत एडी रिकनबॅकर या चालकाने ड्यूझेनबर्ग दहावी आणली. हाच रिकनबॅकर पुढे पहिल्या महायुद्धातला अमेरिकेचा सर्वांत गाजलेला लढाऊ वैमानिक झाला.

आणि मग २५ जुलै १९२१.

फ्रान्समधील ल मान येथे युद्धानंतरची पहिली फ्रेंच ग्रां प्री होती. सुमारे सतरा किलोमीटरचे एक आवर्तन, अशी तीस आवर्तने, म्हणजे पाचशेहून अधिक किलोमीटर. रस्ता असा की पुढच्या गाडीच्या चाकांखालून उडालेले दगड मागच्याच्या अंगावर गोळ्यांसारखे येत. ड्यूझेनबर्गचा चालक जिमी मर्फी सरावात गाडी उलटून जखमी झाला होता. बरगड्यांना पट्ट्या बांधूनच तो शर्यतीला बसला. शेवटच्या टप्प्यात दगडाने त्याच्या गाडीचे रेडिएटर फुटले, एक टायरही गेला. तशाच गाडीने तो पहिला आला. दुसऱ्या क्रमांकाची बॅलो त्यानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी पोहोचली. अमेरिकन चालकाने अमेरिकन गाडीत युरोपातली ग्रां प्री जिंकण्याची ही पहिलीच वेळ. याची पुनरावृत्ती व्हायला १९६७ साल यावे लागले, जेव्हा डॅन गर्नीने बेल्जियममध्ये स्वतःच्या ईगल गाडीने विजय मिळवला.

या विजयामागे धाडस होते तसे तंत्रही होते. त्या काळी ब्रेकचा जोर चाकांपर्यंत लोखंडी कांब्यांनी किंवा तारांनी नेत. एक तार सैल, दुसरी ताठ. एक चाक थांबते, दुसरे फिरतच राहते आणि गाडी तिरकी होते. ड्यूझेनबर्ग बंधूंनी नळ्यांत द्रव भरला. द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखा, म्हणून चारही चाके सारखी आवळली जातात. शाळेत पास्कलचा नियम पाठ केलेल्या कोणालाही हे कळेल. पण पाचशे किलोमीटरच्या दगडी रस्त्यावर तो नियम सिद्ध करणे वेगळे. मर्फी वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक दाबू शकत होता, इतरांना आधीच वेग सोडावा लागे. द्रवाच्या दाबावर चालणारे हे चारचाकी ब्रेक त्याच सुमारास विक्रीच्या ‘मॉडेल ए’ गाडीतही आले.

मायदेशी विजयांची रांगच लागली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ड्यूझेनबर्गने १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. १९२५ मध्ये पीटर डी पाओलोने संपूर्ण शर्यतीची सरासरी ताशी १०० मैलांच्या वर नेली. त्या मैदानावर हे पहिल्यांदाच घडले. पण इंदूरच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२४. त्या वर्षीची विजेती गाडी सुपरचार्जर बसवून या शर्यतीत जिंकलेली पहिली गाडी होती.

सुपरचार्जर म्हणजे काय? इंजिन हवा आणि इंधन पिऊन शक्ती देते. साधे इंजिन श्वास घेते तेवढीच हवा त्याला मिळते. सुपरचार्जर हा पंखा आहे. तो इंजिनाच्याच बळावर, इंजिनाच्या साधारण पाचपट वेगाने फिरतो आणि जादा हवा सिलिंडरांत कोंबतो. लोहाराच्या भट्टीला भाता लावल्यावर जे होते, तेच इथे होते.

एवढे यश असूनही कारखाना तोट्यातच होता. फ्रेडला इंजिनाचा हिशेब येत होता, पैशाचा नाही. १९२६ मध्ये एरेट लोबन कॉर्ड या महत्त्वाकांक्षी उद्योजकाने कंपनी घेतली आणि फ्रेडला एकच काम सांगितले: जगात तोड नसेल अशी गाडी बनव. १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ उभी राहिली. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा, जवळजवळ सात लिटरचे इंजिन, २६५ अश्वशक्तीचा दावा. डॅशबोर्डवर तेल बदलण्याची आणि बॅटरीत पाणी घालण्याची वेळ सांगणारे दिवे. नुसत्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर. त्याच काळात फोर्डची आख्खी नवी गाडी पाचशे-सहाशे डॉलरांत दारात येई. अंग बांधून घेण्याचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा करायचा.

वर्ष पुरते उलटायच्या आत अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला.

अशा मंदीत १९३२ मध्ये सुपरचार्जर असलेली ‘एस. जे.’ आली, ३२० अश्वशक्तीची. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी पेनसिल्व्हेनियातील एका घाटात स्वतः एस. जे. चालवताना फ्रेडला अपघात झाला. तो सावरतो आहे असे वाटत असतानाच न्यूमोनिया झाला आणि २६ जुलै १९३२ रोजी तो गेला. ऑगीने काम चालू ठेवले. १९३५ मध्ये अ‍ॅब जेन्किन्स या चालकाने बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर खास बनवलेली एस. जे. सलग २४ तास ताशी १३५ मैलांहून अधिक सरासरीने पळवली.

ज्या सुमारास मिठाच्या मैदानावर हा विक्रम होत होता, त्याच सुमारास इंदूरच्या गाडीचा सांगाडा तयार होत होता. दोघींचे कूळ एक.

होळकर मूळचे नीरा नदीकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांनी माळव्यात जे उभे केले, ते १९३० पर्यंत नऊ हजारांहून अधिक चौरस मैलांचे संपन्न संस्थान झाले होते. औंधच्या जवळजवळ वीसपट.

यशवंतराव गादीवर आले, तेही एका मोटारीच्या प्रसंगामुळे. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडवली. बावलाला गोळ्या घातल्या, सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार केले. मुमताज ही इंदूर दरबारातून निसटलेली नर्तकी. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोहोचले आणि हल्लेखोर सापडले. धागा इंदूरपर्यंत गेला. चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी महाराज तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि मग ऑक्सफर्ड. राज्याचे पूर्ण अधिकार १९३० मध्ये हाती आले.

पत्नी संयोगिताराणी कागलच्या, म्हणजे कुंडलपासून काही फार दूरच्या नव्हेत. या तरुण जोडप्याला पाहायला मिळाले ते नव्या कलेचे युरोप. जर्मन वास्तुकार एकार्ट म्युथेसियस याने त्यांच्यासाठी इंदुरात माणिकबाग राजवाडा सजवला. पोलाद, काच, कातडे आणि सरळ रेषा. रुल्मान, आयलीन ग्रे यांचे फर्निचर. ब्रांकुशी या शिल्पकाराची ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे. मान रेने काढलेली छायाचित्रे. हत्तीच्या अंबारीतले राजे पाहायला सरावलेल्या युरोपला या जोडप्याने चकित केले. त्यांची अभिरुची उसनी नव्हती. आपल्या पिढीतील सर्वांत आधुनिक डोळा त्यांच्याकडे होता, हे मान्य केले पाहिजे.

ड्यूझेनबर्ग त्या डोळ्याने निवडलेली वस्तू आहे. सांगाडा लांब चौकटीचा घेतला. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर साडेतीन नव्हे, जवळजवळ चार मीटर. अंग बांधायचे काम लंडनच्या गर्नी नटिंग यांना दिले. त्या काळी उंची मोटारींचे उत्पादक सांगाडा विकत आणि अंग बांधणारे कारागीर वेगळे असत, जसा कापडवाला वेगळा आणि शिंपी वेगळा. गर्नी नटिंग हे शिंप्यांतले शिंपी. माल्कम कॅम्पबेलच्या १९३१ च्या ‘ब्लू बर्ड’ या विक्रमी गाडीचे अंगही त्यांच्याच कारखान्यातले. त्यांचा रेखाटनकार ए. एफ. मॅकनील याने इंदूरच्या गाडीला अतिशय लांब नाक दिले, दोघांची बैठक पार मागे सरकवली आणि शेपटीकडे सगळे निमुळते केले. बाजूने पाहिले तर अर्ध्याहून अधिक गाडी म्हणजे इंजिनाचा पेटाराच दिसतो. पुढच्या बाजूस लाल आणि निळे दिवे. आत महाराज आहेत की महाराणी, हे दुरूनच कळावे यासाठी ते होते असे सांगितले जाते.

ही गाडी शर्यतीसाठी बनवलेली नव्हती. ल मानचे ब्रेक, इंडियानापोलिसचा भाता, बॉनेव्हिलचे इंजिन हे सगळे तिच्यात एकत्र आले, पण रस्ता मिळाला माळव्याचा. ज्या काळात इंदूरच्या आसपासच्या बहुतेक वाटांवर बैलगाडीची चाकोरी हाच रस्ता, त्या काळात ताशी १३० मैल धावू शकणारे यंत्र तिथे काय करत होते, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपे नाही. संस्थानिकांना इंग्रजांनी लढाई, परराष्ट्र व्यवहार, खरे राजकारण सगळेच बंद केले होते. उरली होती ती हौस आणि कारभार. काहींनी कारभार निवडला, काहींनी हौस आणि यशवंतरावांसारख्यांनी दोन्ही. त्यांच्या काळात संस्थानातील मंदिरे अस्पृश्यांना खुली झाली. सी. के. नायडूंना आसरा देऊन त्यांनी उभारलेल्या होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकला. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी मागितली, तेव्हा दिल्लीतील इंग्रज अधिकाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. त्यांना निव्वळ विलासी राजा म्हणून मोडीत काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

तरीही हिशेब मांडावाच लागतो. १९३० च्या दशकाच्या मध्यात सुपरचार्जर नसलेल्या साध्या ‘जे’च्या सांगाड्याची किंमत ९,५०० डॉलर होती. तेव्हाच्या विनिमय दराने ते २५,००० रुपयांच्या वर जातात. एस. जे. त्याहून महाग, शिवाय लंडनच्या अंगाचा खर्च आणि दोन समुद्रांचे भाडे. औंधच्या राजाने लक्ष्मणरावांना दिलेले कर्ज १०,००० रुपयांचे. दोन्हींत पंचवीस वर्षांचे अंतर आहे आणि दोन्ही संस्थानांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. इंदूरला ही गाडी झेपत होती आणि औंधला ते कर्ज कदाचित अधिक जड गेले असेल. पण आकडे शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते दिसतेच.

त्या १०,००० रुपयांचे तोवर काय झाले होते? निवडुंगाच्या जागी ओतशाळा होती. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. रामुअण्णांनी गावाची आखणी केली. एकेकाळी गुन्हेगार ठरलेली माणसे तिथे विश्वासू राखणदार झाली. १९२० मध्ये कारखान्याच्या बातम्या देणारे एक छोटे पत्रक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक केले. म्हणजे मराठी मध्यमवर्गाला आधुनिक विचाराची गोडी लावणारे एक प्रमुख मासिक मुंबई-पुण्यात नव्हे, कुंडलच्या शिवारात छापले जात होते. रेल्वे स्थानकाचे ‘कुंडल रोड’ हे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

आणि औंधच्या राजाने आणखी एक गोष्ट केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयाची सत्तर वर्षे पूर्ण होताना, त्याने सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू झाली. ग्रामपंचायत हा पाया, त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचे त्यात मोठे श्रम. कुंडल हा त्या प्रयोगाचा एक तालुका होता.

चारच वर्षांनी कुंडल हे नाव वेगळ्या कारणाने गाजले. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे ते एक प्रमुख ठाणे झाले. जी. डी. बापू लाड आणि त्यांची तूफान सेना इथलीच. ७ जून १९४३ रोजी त्यांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली, ती याच लोहमार्गावर, जिथून किर्लोस्करवाडीचे नांगर देशभर जात. औंध संस्थानची हद्द जवळ असणे भूमिगतांच्या पथ्यावर पडे, कारण हद्दीपलीकडे इंग्रजी पोलिसांचा हात तितका मोकळा नसे. नकाशावर सांडलेल्या ठिपक्यांचा असाही उपयोग झाला.

इंदुरात तोवर बरेच बदलले होते. संयोगिताराणी १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, वयाची पंचविशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी ड्यूझेनबर्गचा कारखानाही बंद पडला. महाराजांचा मुक्काम पुढे वारंवार अमेरिकेत होऊ लागला. त्यांच्या नंतरच्या दोन्ही पत्नी अमेरिकन होत्या. माणिकबागेचा आवार पडला तो पडलाच.

१९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झाले. औंध त्याच वर्षी मुंबई प्रांतात गेले. विलीनीकरणाच्या करारांत राजांकडून खासगी मालमत्तेची यादी मागितली जाई, आणि ती मागितली जाई प्रामुख्याने स्थावर मालमत्ता, रोखे आणि रोख शिल्लक यांची. राज्याचे काय आणि राजाचे काय, ही रेघ तिथे पहिल्यांदा कागदावर ओढली गेली. राजवाडे, बागा, जमिनी यांवर वर्षानुवर्षे वाद चालले. चाकांवर चालणारी वस्तू मात्र वादापेक्षा वेगाने जाते. स्वतंत्र भारतात पेट्रोल महाग, सुटे भाग दुर्मीळ, आयकर चढा आणि तनख्यात भागवायचे. अशा अवस्थेत देशभरच्या संस्थानांतील शेकडो उंची गाड्या गॅरेजांत गंजल्या किंवा परदेशी संग्राहकांना मातीमोल विकल्या गेल्या. अमेरिकेत याच काळात ड्यूझेनबर्गची किंमत पुन्हा कळू लागली होती.

यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईत निवर्तले. १९७१ मध्ये तनखे रद्द झाले. १९८० मध्ये माणिकबागेतले फर्निचर मोनाको येथे सदबीजच्या लिलावात विकले गेले आणि जगभरच्या संग्रहांत पांगले. राजवाड्यात केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले. केशरी-काळी ड्यूझेनबर्ग ज्या देशात जन्मली तिथेच परत गेली; अमेरिकन संग्राहकांच्या हाती आली आणि जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत ‘होळकर स्पीडस्टर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यासारख्या गाड्या आज लिलावात कोट्यवधी रुपयांना जातात. किर्लोस्करवाडीत पंप बनतात आणि ते कारखान्याच्या दरात मिळतात.

भारताचा पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार सर्वसाधारण वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. माणिकबागेच्या खुर्च्या गेल्या तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर होत्या. ड्यूझेनबर्ग शंभर वर्षांची होईल २०३५ च्या आसपास.